बाईंनी बुजवलेला व्हॉल्व्ह

मनकर्णाबाईंना तिसगावात कोणी नावाने हाक मारत नाही. नुसतं 'बाई'. बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, निम्मं गाव हाताखालून गेलं, तेव्हा बाई म्हटलं की त्याच.

त्यांची खोड एकच, पाण्याची. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या आणि मोरीतला नळ गळताना ऐकू आला, तर चहाचा कप खाली ठेवून आधी नळ आवळून येणार. बहात्तरच्या दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या होत्या. दिवसभर आईबरोबर खडी फोडायची आणि संध्याकाळी टँकरच्या रांगेत हंडा धरायचा. पुढे बी.एस्सी. झाल्या, नोकरी लागली, स्लॅबचं घर झालं, पण ठिबकणारं पाणी ऐकलं की झोप उडते ती उडतेच. त्यातून त्यांच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी.

मुलगा ज्ञानेश्वर पुण्याला. त्याने दोन वर्षांपूर्वी पंधरा लिटरचा गीझर घेऊन दिला. बसवला शांतवनने. शांतवन म्हणजे बाईंचाच विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा. वायरिंग, मोटर, गीझर, सगळं करतो. बघायला यायचे दोनशे घेतो, पण उघडल्याशिवाय रोग सांगत नाही आणि काढलेला जुना पार्ट घरमालकाच्या हातात देऊनच जातो. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार बसतो, तो साफ करायचे चारशे. कॉइलच जळली तर सातशे-आठशे. थर्मोस्टॅट गेला तर तीनशेच्या आत भागतं. हे तो आधी सांगतो, मग पान्याला हात घालतो.

त्या गीझरच्या खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना ठिबकायचा. बाईंनी शांतवनला बोलावलं.

"बाई, ते ठिबकू द्या. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट लागती. ठिबकायचं थांबलं तर मला बोलवा."

बाई "बरं" म्हणाल्या. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो, हा धडा त्यांनी बत्तीस वेळा शिकवला होता, गोळा आणि कडी घेऊन, प्रयोग करून. पण रोज सकाळी तांब्याभर पाणी! खाली मग्गा ठेवला, साठलेलं तुळशीला घातलं, तरी मन मानेना. महिनाभर कळ काढली आणि एका दुपारी दुकानातून गळती बुजवायच्या सीलची पुडी आणली. दोन गोळ्या एकत्र मळल्या आणि व्हॉल्व्हचं तोंड बुजवून टाकलं. ठिबकणं थांबलं. बाईंना त्या दिवशी इतकं बरं वाटलं की काय सांगावं!

दीड महिन्याने, जानेवारीतल्या एका सकाळी, न्हाणीघरात खाडकन आवाज झाला. गीझरची टाकी शिवणीवर फाटली होती, गरम पाण्याचा लोट भिंतीवरून वाहत होता, घरातली वीज गेली होती. बाई आत नव्हत्या म्हणून वाचल्या. त्यांनी शांतवनला फोन केला. आणि तो येईपर्यंतच्या पाऊण तासात जे केलं, ते त्यांच्या वर्गात कुणी केलं असतं तर त्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं. स्क्रू ड्रायव्हर घेतला, खलबत्त्यातला बत्ता घेतला, स्टुलावर चढल्या आणि ते कडक झालेलं सील टोचून टोचून काढलं. तुकडे कागदात बांधून कचऱ्यात टाकले. विज्ञानाच्या बाईंनी व्हॉल्व्ह बुजवला, हे गावाला कळता कामा नये. बस्स, एवढंच डोक्यात.

शांतवन आला तेव्हा शेजारची बनुबाई दारात उभीच होती. त्याने गीझर उतरवला, उलटा केला, बोटाने फट दाखवली.

"टाकी गेली, बाई. टाकी गेली म्हंजे गीझर गेला, याला पैसे घालू नका. कुनी डाग देऊन फट बुजवतो म्हनलं तरी देऊ नका, पंधरा दिवसांत पुन्हा फुटंल. आता नवाच घ्यायचा, सात-आठ हजार." मग तो व्हॉल्व्ह हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिला. "याला काही लावलं हुतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

इथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण बनुबाई ऐकत होती आणि खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस एकदा बोललं की जास्तच बोलतं. "बसवलास तूच ना? व्हॉल्व्ह कसला टाकलास कुणाला ठाऊक!"

शांतवनने मान खाली घातली. व्हॉल्व्ह बाईंच्या हातात दिला, दोनशे रुपये घेतले नाहीत. "माझं चुकलं आसंल तर नव्याच्या फिटिंगची मजुरी घेनार न्हाई," म्हणाला आणि गेला.

बनुबाईच्या पोटात ते किती वेळ राहणार? तिचा नवरा रंगनाथ मंगल कार्यालय चालवतो. तिथल्या सहा गीझरची लग्नसराईआधीची सफाई दरवर्षी शांतवनकडे असायची. आठवड्याभरात बनुबाई सांगत आली, "बाई, तुमच्यामुळं वाचलो बघा! शांतवनला न्हाई म्हनून सांगितलं ह्यांनी. नगरचा मानूस बोलावलाय. लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर गीझर फुटला आसता म्हंजे?"

ती हसली. बाई दोन दिवस गॅस सोडून चुलीवर पाणी तापवून आंघोळ करत राहिल्या, जणू त्यानं फिटणार होतं. तिसऱ्या दिवशी चपला घालून कार्यालयात गेल्या.

रंगनाथ खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "या बाई. हे बघा, नगरवाल्यानं सांगितलंय, सहाच्या सहा कॉइल बदलायच्या. आठरा हजार."

"उघडून पाहिलं का त्याने?"

"न्हाई, फोटो पाठवलं हुतं मोबाईलवर."

"फोटोत कॉइल दिसते का रे? आणि सहा कॉइलींचे अठरा हजार कुठे होतात? शांतवनला बोलाव. त्याचं काही चुकलेलं नाही. तो व्हॉल्व्ह मी बुजवला होता. सील लावून. तो यायच्या आधी खरवडून काढलं."

रंगनाथ हसला. "बाई, जाऊ द्या हो. इद्यार्थ्याला पाठीशी घालताय, म्हाईत हाय मला. तुमी आसलं कराल व्हय? आमाला खोटं बोलल्यावर छड्या दिल्यात तुमी!"

बाईंचे कान तापले. शिव्या दिल्या असत्या त्याने तर सोसल्या असत्या, हे कौतुक सोसेना. "रंगनाथ, हसू नकोस. मी खोटं बोलले. तुझ्या बायकोसमोर बोलले. माझी लाज वाचावी म्हणून त्याच्यावर ढकललं. अजून कसं सांगू?"

रंगनाथचं हसू गेलं. तो खाली बघत उगीच पावतीपुस्तक चाळत बसला. बाईंकडे बघायची त्याचीच पंचाईत झाली होती. शेवटी म्हणाला, "बोलावतो त्याला."

तिथून बाई सरळ शांतवनच्या घरी. तो ओट्यावर बसून कुणाचीशी कॉइल घासत होता. त्याची बायको मरिया खुर्ची आणायला आत वळली, तर बाई म्हणाल्या, "नको. उभीच बरी आहे." आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

शांतवन घासायचा थांबला. "व्हॉल्व्हच्या आट्यात पांढरं दिसलं हुतं मला. तुमच्या नखातबी हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी न्हाई म्हनला ना, बाई. मग मला वाटलं, क्षार आसंल. माझंच काहीतरी चुकलं आसंल. त्या वर्षी बसवलेलं सगळं गीझर पुन्हा उघडून बघितलं मी. आकरा घरं. आमचाच माल खराब निघाला का बघतो म्हनून सांगितलं लोकांना."

"पैसे घेतलेस?"

"कसं घेनार?"

अकरा घरांत या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःवर संशय घेतला होता, तो बाईंच्या एका शब्दावर. माफ कर म्हणायचं ओठावर आलं होतं, पण ते फार स्वस्त वाटलं.

"नावं सांग," त्या म्हणाल्या.

"कशाची?"

"अकरा घरांची. कागद दे एक."

"ऱ्हाऊ द्या ना, बाई. आता कुनाच्या ध्यानात हाय?"

"माझ्या आहे. सांग."

त्याने सांगितली. बाईंनी लिहून घेतली, चष्मा पुसला, आणि पहिल्या घराकडे निघाल्या. ते होतं गहिनीनाथ सोनाराचं. त्याची आई आक्काबाई उन्हात शेंगा फोडत बसली होती.

"या या, बाई! बसा, चहा टाकायला सांगते."

"चहा नको, आक्काबाई," बाई म्हणाल्या. "सुनेलाही बाहेर बोलवा. मला तुम्हां दोघींना काहीतरी सांगायचंय."