आत्याबाईंचा गूळ आणि वन्संचा सूर्य

आमच्या वन्संना परवा मोठा पुरस्कार मिळाला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तीस वर्षं गुजरातेत सूर्य पेटवायच्या खटपटीत आहेत. मळ्यात भेंडी तोडताना बायका विचारतात, तुमच्या वन्सं करतात तरी काय? एक किस्सा सांगायला जावं तर पाच निघतात आणि भेंडी राहते झाडाला! म्हणून आज लिहूनच काढते.

*

वन्संनी आपलं काम पहिल्यांदा समजावलं, तेव्हा मी नवी सून होते. सूर्यात हलके कण एकमेकांत मिसळतात, त्यातून ऊर्जा निघते. तेच यंत्रात घडवायचं. मग धूर नको, कोळसा नको.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत ऐकत होत्या. आमच्या निम्म्या मांडवगण गावची लग्नं त्यांनी जमवलेली. अडलंय कुठं, असं त्यांनी विचारलं. वन्सं म्हणाल्या, ते कण एकमेकांपासून लांब पळतात, म्हणून लई तापवावं लागतं.

"तापवून कुठं लगीन जमतं व्हय? येका जागी बसवून ठिवा की जरा!"

वन्सं हसता हसता थांबल्या. "आई, आमचे साहेबबी हेच म्हणत्यात."

*

रथसप्तमीला आम्ही अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवतो. ते उतू गेलं की सूर्याला पोचलं. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी वन्सं घरी होत्या. दौंडला गाडीतून उतरून तशाच आलेल्या, चेहरा सुकलेला. यंत्र पुन्हा बंद पडलं होतं. दुधाकडं बघत म्हणाल्या, "आमचं उलटं हाय. आतला जाळ भांड्याला लागला की इझला."

"मंग भांडं कशाचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"चुंबकाच्या ताकदीचं."

"दिसतं?"

"न्हाई."

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस मंगल? आन् मला म्हणती, द्येव दाव!"

त्याच दिवशी त्यांनी वसा घेतला. लेकीचा सूर्य टिकेपर्यंत गूळ बंद. मी सोमवार करते, चतुर्थ्या करते, पण यंत्रासाठी कुणी काही सोडल्याचं ऐकलं नव्हतं. वन्सं चिडल्या, म्हणाल्या, याला अजून पन्नास वर्षं लागतील.

"लागू देत. मी कुठं म्हणते घाई कर?"

*

तेव्हापासून दर रथसप्तमीला सकाळी फोन. तब्येत विचारायची नाही, जेवण विचारायचं नाही. "किती टिकला?"

वन्सं सांगायच्या, काही सेकंद.

"गेल्या साली?"

त्याहून कमी, असं उत्तर आलं की आत्याबाई फोन माझ्या हातात देत. "वाढतोय गं!" आणि दिवसभर घरात सणासारखं वाटायचं. अजूनही ती सकाळ आठवली की बरं वाटतं.

*

गेल्या वर्षी आत्याबाईंना चक्कर आली. शिरूरला नेलं, तर रक्त कमी. डॉक्टर चांगले, साधे. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, रोज गूळ-शेंगदाणे खा आजी.

"माझ्या लेकीला इचारा," आत्याबाई म्हणाल्या.

लेक पण डॉक्टर आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाई, सूर्य पेटवतात."

त्यांनी माझंही ब्लडप्रेशर तपासलं!

*

मग पुरस्काराची बातमी आली. संलयन ऊर्जेच्या, म्हणजे ह्या कण जुळवायच्या, संशोधनासाठी जो देतात, तो. गावानं वेशीवर भलामोठा फ्लेक्स लावला. वर उगवता सूर्य, खाली सगळे पुढारी. हे बराच वेळ बहिणीला शोधत उभे राहिले. शेवटी सापडल्या वन्सं, खाली उजव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या ओळीत.

घरी येऊन हे मला हळूच म्हणाले, "आईला सांग, टिकला म्हणून. बक्षीस मिळालंच हाय की. म्हातारीच्या अंगात रक्त तरी भरंल." आत्याबाईंची काळजी मलाही होती. पण खोटं बोलून वसा कसा सोडवायचा? माझी जीभ उचलेना.

*

सत्कार झाला, शाल-नारळ झाला. दुपारी घरी पुरणपोळ्या, सगळ्यांना गुळाच्या आणि आत्याबाईंना वेगळी, साखरेची. ह्यांना राहवलं नाही. "आई, आता बक्षीस मिळालं. खा की गूळ."

आत्याबाईंनी लेकीकडं बघितलं. "टिकला का?"

एक "व्हय" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"न्हाई आई," वन्सं म्हणाल्या. "माझ्या हातून व्हईल आसंबी वाटत न्हाई. मागनं येणारी पोरं करतील."

"मंग बक्षीस कशाचं?"

"हितवर आणला, त्याचं."

आत्याबाईंनी मान हलवली आणि साखरेची पोळी पुढं ओढली. तेवढ्यात वन्संनी त्यांचा हात धरला.

"आई, तुझा वसा मला दे."

आमच्यात सासूचा वसा सुनेकडं जातो. लेकीनं, त्यातही देव न मानणाऱ्या लेकीनं मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुझा इश्वास न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई. पर वाट बघायची सवय हाय."

आत्याबाईंनी तांब्या उचलला आणि लेकीच्या ओंजळीत पाणी सोडलं. वन्संनी आपल्या ताटातली पोळी काढून ह्यांच्या ताटात ठेवली. मी डब्यातला गुळाचा खडा आत्याबाईंच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून नीट बघितला.

"मंगल, अकरा वरसांनी एवढासाच व्हय?"