मायला कुणी विचारलं नाही

पाटलानं काठोकाठ भरलेला तांब्या मायच्या हातात दिला आणि म्हणाला, "मन साफ असंल तर थेंब सांडणार न्हाई. धर."

सांडणारच होतं. मायच्या हातांना कधीचा कंप होता. घास तोंडापर्यंत येईतो अर्धा मांडीवर पडायचा. लुगडं भिजलं, पायरी भिजली, चावडी हसली. मीही हसलो. खोटं कशाला लिहू, सगळ्यांच्या आधी हसलो.

शेजारीच माझा बा बसला होता. त्याचेही हात तसेच थरथरत, मायच्याही आधीपासून. नवरा-बायकोला एकच दुखणं. त्याच्या हातात कुणी तांब्या दिला नाही. त्याला तंबाखू मळता येईना म्हणून पाटलानं स्वतः मळून दिली. बाप्याचा हात हलला तर वात. बाईचा हलला तर चोरी.

राज निजामाचं होतं, पण आमच्या गावात निजाम म्हणजे पाटील. आम्ही धनगर. त्याची मेंढरं आमच्या कळपात, आमची चराई त्याच्या रानात. त्याचा टकरीचा एडका, झुंजीचा मेंढा, घेऊन बा नारायणगडच्या जत्रेला गेलता, तो एकटाच परत आला. एडका कुठाय विचारलं की म्हणायचा, बायकोनं बाजारात नेला. पाटलानं तेवढंच धरलं.

मायला खरं ठाऊक होतं. बा परत आला तेव्हा दारात काय बोलला, ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. एडका लंगडत होता, वाट वाकडी करून तेलगावात मावसभावाकडं बांधला, खूर बरा झाला की आणू. मायचा आवाज बारीक झालता, बोलायला वेळ लागायचा, पण ऐकलेलं अक्षर पडत नसे. गल्ल्या मात्र तिच्या डोक्यात उलट्यासुलट्या होत. विहिरीवरून निघाली की भलत्याच दारात जाऊन उभी. बाचं निराळं. रानातली पायवाट बरोबर धरायचा, पण सकाळी बोललेलं दुपारी त्याच्यापाशी नसायचं.

तेलगावचं ऐकून मी मायला काय म्हणालो? "तुला आपलं घर सापडंना, आन् एडका बरा सापडला." तेलगावला गेलो नाही. चावडीत गेलो.

मला गोष्ट रंगवायची खोड. पायरीखाली बसून गोष्ट सांगायची, वरून चिमूटभर तंबाखू पडायची, आणि मला वाटायचं, वा, आपला मान वाढला. माझी सगळ्यात चाललेली गोष्ट मायची होती. ती वाट चुकून शेजारणीच्या घरात शिरते, चुलीपुढं बसते आणि त्या घरच्या सुनेलाच विचारते, माझ्या घरात तू काय करतीस गं? सांगताना मी मायसारखा हात थरथरवायचो. लई हसायचे.

त्या दिवशी तांब्या सांडल्यावर मायनं तेलगावचं नाव काढलं, तोच पाटलानं तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सांग बे, ती चुलीची गोष्ट."

मी सांगितली. मायसमोर. हातासकट.

"जिला आपली चूल कळंना, तिची कसली साक्ष?" पाटील म्हणाला. हुकूम झाला. बाईनं पायरीवर तीनदा नाक घासावं, नाही तर चराई बंद. वाकताना तिचा तोल जाईल म्हणून पाटील मला म्हणाला, धर तिला. मी धरली. बगलेत हात घालून वाकवली. एकदा घासलं.

तेवढ्यात बा पाटलाला म्हणाला, "थोरले मालक, एडका सकाळीच पाणी पिऊन आला."

थोरले मालक म्हणजे पाटलाचा बाप. कधीचा मेलेला. पाटील कौतुकानं हसला, "म्हातारं थकलंय." चावडीही कौतुकानं हसली. ह्याच म्हाताऱ्याच्या शब्दावर माझी माय पायरीवर वाकली होती.

ती खालूनच म्हणाली, "आनखी किती हसवायचंय त्यांला, लेका?"

मी तिला उभी केली.

"कावून सोडली बे?" पाटलानं विचारलं.

"ती घासणार न्हाई. एडका तेलगावात हाय."

"कुणी सांगितलं?"

"हिनं."

"आन् चराई?"

"ऱ्हाऊ द्या तुमची."

शूर वगैरे समजू नका. त्या घडीला चावडीत सगळ्यात जास्त मीच थरथरत होतो.

दुसऱ्या दिवशी तेलगाव गाठलं. एडका बाच्या मावसभावाच्या दावणीला, खाऊन गच्च झालेला. दावं सोडायला वाकलो तर कंबरड्यात एक धडक दिली. ती माझ्या हक्काची होती. आणून पाटलापुढं उभा केला. पाटलानं शिंगं चाचपली. मी म्हणालो, आता माझ्या मायचं काय?

"एडका सापडला न्हवं? तिचं नाक काय झिजलं का?"

चराई दिली नाही. बाला मात्र अजून तंबाखू मिळते.

आता आम्ही फिर्याद घेऊन केजला तहसिलीत निघालोय. भावकी म्हणती, तूच बोल, तुझी जीभ चालती. त्या जिभेनं काय केलं ते मला माहीत आहे. एकदा घासलेलं नाक माझ्या हातानं घासलंय, ते काही केल्या पुसलं जात नाही, आणि पुसायला मी चाललोही नाही. केजपर्यंतची वाट मी दाखवीन. फिर्याद लिहून घेणारा पेशकार सवयीनं मला विचारील, नंतर बाला विचारील. मी तोंड उघडणार नाही, बालाही उघडू देणार नाही. माय बोलंल. तिला वेळ लागतो. त्यांना थांबावं लागेल.