सावली नको म्हणणारा

कारेगावात कंपनीच्या गेटसमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. जेवणाच्या सुट्टीत तिथला एक कामगार रोज बाहेर यायचा आणि कडुलिंबाची सावली सोडून नेमका उन्हात उभा राहायचा. बाह्या कोपरापर्यंत वर, तळवे आभाळाकडं, तोंड माझ्या दुकानाकडं. उन्हातल्या माणसाला आधी सावलीत बसवायचं, ही आमच्याकडची रीत. मी दोनदा हाक मारली, "मामा, आत या." त्यानं दोनदा नुसती मान हलवली. सावली नाकारणाऱ्याच्या मनात काहीतरी असणारच! मी जेवायला जाताना दुकानाला दोन कुलपं लावू लागलो.

आठवड्यानं जेवायला निघताना कुलपं हातात घेऊनच मी सरळ त्याच्यासमोर जाऊन विचारलं, "रोज काय टेहळता हो दुकानात?"

त्यानं सुजलेली बोटं पुढं केली. "ऊन घेतोय, दादा. ल्हानपणी मेंढरांमागं उन्हातच वाढलो. आता दिवसभर बंद शेडात. डॉक्टर म्हणत्यात, अंगात डी व्हिटॅमिन लई कमी हाय. आन् हा संधिवात म्हंजी अंगातलेच, रोगाशी लढणारे राखणदार माझ्या सांध्यांना चोर समजून मारत्यात."

"मग उन्हानं बरं होतं?"

"तसं डॉक्टरबी म्हणत न्हाईत. दोन्हीचा संबंध असावा, एवढंच. गोळ्या चालू हायेत."

एवढं बोलून त्यानं माझ्या हातातल्या दोन कुलपांकडं पाहिलं आणि तो गेटकडं वळला.

दुसऱ्या दिवशीही तो आला. पण उभा राहिला तो दुकानाकडं पाठ करून.