तासभर नीट बसायचं

मुलगी बघायला जाताना लोक मुलाला काय काय शिकवतात. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला बसायला शिकवलं. "तासभर मानूससारखा बठ. उठू नको, फिरू नको, आनि कंबरनं नाव काढू नको. लगीन व्हई जाऊ दे, मंग सांगजो."

माझी कंबर हा आमच्या घरातला अवघड विषय आहे. कॉलेजात असल्यापासून ती धरते. सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे गंजलेलं कुलूप उघडणं; पण जरा चाललो-फिरलो की दुपारी मी केळीच्या बागेत इतरांसारखाच हिंडतो. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांध्यांना सूज आहे, ही जन्माची सोबत आहे, गोळ्या घे आणि बसून राहू नकोस. गावाला मात्र माझं दुपारचंच रूप माहीत, त्यामुळे सकाळचं कोणाला पटत नाही. "हाई काय दुखानं वय शे का?" असं म्हणत प्रत्येकाने आपापला उपाय दिला. एरंडाची पानं बांधून झाली, तेलं चोळून झाली, एका काकूंनी मोबाईल कमी कर म्हणून बजावलं. आप्पांचं मत तर पक्कं होतं: सकाळी दुखतं आणि दुपारी थांबतं, त्या दुखण्याला आळस म्हणतात.

तर तापीकाठच्या आमच्या गावाहून आम्ही दोघं नंदुरबारला गेलो. मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. मुलीच्या गल्लीत शिरलो तसं नाक चुरचुरायला लागलं. पोहे आले, चहा आला, मुलगी आली. ती मला बघताक्षणी आवडली, हे आधीच सांगून टाकतो. तिचे वडील बागायत किती, पाणी कसं, असं विचारत होते आणि मी सोफ्यावर ताठ बसलो होतो. मऊ सोफा म्हणजे माझा जुना वैरी. तरी अर्धा डाव मी निभावला होता. तेवढ्यात मिरचीने घात केला आणि सटासट शिंका आल्या. आमच्यासारख्यांना शिंक म्हणजे पाठीत पहार. मी ताडकन उभा राहिलो, आणि पुन्हा बसायची काही हिंमत होईना.

मग भिंतीवरचे फोटो बघतोय असं दाखवत मी येरझारा घालू लागलो. भिंतीवर फोटो एकच होता.

मुलीची आत्या आप्पांच्या कानाशी कुजबुजली, पण ती कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. "पोऱ्याले मूळव्याध शे का हो?"

"नही, नही," आप्पा घाईघाईने म्हणाले. "त्याले फिरानी सवय शे."

"लाजानं काय त्यामा? आमना गल्लीमा वैद्य शे. एक पुडीमा बरं करस तो."

मला हसू आवरेना, आणि हसलं तरी माझ्या बरगड्या दुखतात. समोर बघितलं तर मुलगीही ओढणी तोंडाला लावून हसत होती.

थोड्या वेळाने दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथे चालायला जागा होती, मी सुखावलो. दोघंही शाळेतल्या मराठीत अवघडून बोलत होतो. "मला मूळव्याध नाही," मी सुरुवात केली. आप्पांची ताकीद कानात होती. पण उद्या रोज सकाळी मला उठताना हीच बघणार, तर तिला आधी कळायला नको? मी सगळं सांगितलं.

"बरं होणार नाही?" तिने विचारलं.

"नाही. कमी-जास्त होत राहील."

तिने शाळेतली मराठी बाजूला ठेवली. "मन्हा काकाले बी असंच शे. काकूना जलम त्यास्नं करामाच ग्या. मी रोज देखस. माले नही जमनार. राग मानू नका."

वाईट वाटलं. का नाही वाटणार? पण जिना उतरता उतरता मला हलकं वाटू लागलं. तिने वय काढलं नाही, तेल सांगितलं नाही, 'दिसता तर धडधाकट' म्हणाली नाही. नीट ऐकलं आणि नाही म्हणाली. माझ्या कंबरेमुळे कोणीतरी मला नाकारलं होतं, म्हणजे माझी कंबर दुखते हे तिला शंभर टक्के मान्य होतं. खाली येऊन मी आणखी पोहे मागून घेतले, उभ्यानेच खाल्ले.

गाडीत बसल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हनी?"

"नही म्हनी. मी कंबरनं सांगी दिधं."

"आनि तेवढावरथून नही म्हनी?"

"तिले खरं वाटनं, आप्पा."

आता आपली धडगत नाही, असं मी धरून चाललो होतो. आप्पा गाडी चालवत राहिले. शहर मागे पडलं, कापसाची शेतं लागली. मग रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "खूप दुखस का रे, भाऊ?"

मी हो म्हणालो, आणि तापीचा पूल येईपर्यंत सांगत राहिलो.