कोपऱ्यातला ‘नक्कल’ शब्द

योगराजला निलंबित करा, ही मागणी माझी. लाउडस्पीकरवरून केली, निवेदनावर पहिली सही माझीच. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं तर तिथूनच लिहावं लागेल.

योगराज बोदवडचा, चुडामणनानांचा मुलगा. जळगावच्या पिंप्राळ्यात एका ट्रस्टचं रुग्णालय आहे, तिथे चौदा वर्षं संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे तो एकटाच. लग्नाच्या पंगतीत बसला तरी मोबाइल पत्रावळीशेजारी, पडदा वर करून. बायको मयुरी म्हणते, “याहीची पहिली बायको जळगावच्या कपाटात शे, दुसरी धुळ्याच्या. मी तिसरी.”

कपाटं खरोखर दोन आहेत. फ्रिजएवढी, आत डिस्कच डिस्क. जळगावात पेशंटची नोंद झाली की त्याच क्षणी ती तारेवरून धुळ्याला, देवपूरच्या शाखेतल्या कपाटात उतरते. एक बुडालं तर दुसऱ्यावर काम चालावं, एवढ्यासाठी. जळगावच्या कपाटाला योगराज ‘अस्सल’ म्हणायचा, धुळ्याच्याला ‘नक्कल’. दर सहा महिन्यांनी तो धुळ्यावरून काम चालवून बघायचा. त्या वेळचे सरावाचे कागद खऱ्यात मिसळू नयेत, म्हणून तिथून छापलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘नक्कल’ असा शब्द उमटेल, अशी सोय त्यानेच करून ठेवली होती.

मार्चमध्ये एसीचं पाणी जळगावच्या कपाटात गेलं. योगराजने वीस मिनिटांत सगळं काम धुळ्यावर घेतलं. कोणाला पत्ताही लागला नाही. दुरुस्तीला पाच दिवस लागले. त्याच दिवसांत रुग्णालयात आमच्या संघटनेचं, अपंगांच्या सरकारी दाखल्यासाठी, तपासणीचं शिबिर होतं. एकशे त्रेचाळीस लोक तपासले गेले. बोदवडची बेबाबाई आपल्या नवऱ्याला, उखर्डूला, पाठीवर घेऊन आली होती. सगळ्यांना अहवाल मिळाले. अन् सगळ्यांच्या कोपऱ्यात ‘नक्कल’. एवढा एक शब्द काढायचा योगराज विसरला होता.

सरकारी टेबलावरून कागद परत आले. नक्कल चालत नाही, अस्सल आणा.

मी सातवी नापास. कायदा मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमच्या दारात उभा राहून शिकलो. नक्कल म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायचं? साठ माणसं घेऊन भर दुपारी रुग्णालयात घुसलो.

योगराज म्हणाला, “आबा, माहिती तीच आहे. तो शब्द तेवढा काढून देतो. दोन तास द्या.”

“काढून देतो म्हणजे? खाडाखोड करतो का रे कागदात?”

“खाडाखोड नाही. सध्या धुळ्यावर काम चालू आहे, म्हणून—”

“धुळ्याचं मला सांगू नको. अस्सल कुठे आहे?”

“जळगावला. पण आबा, ते आजच दुरुस्त झालंय. ते आता मागे आहे.”

“मग अस्सलवरून छाप. आमाले नक्कल नको.”

‘मागे आहे’ हे तो बोलला होता. मी ऐकलं होतं. मला वाटलं, मागच्या खोलीत आहे.

परत आलेल्या अहवालांचा गठ्ठा मी कॅमेऱ्यासमोर फाडला. मग त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो अन् पाठीवर थाप मारून म्हणालो, “चाल, कर.”

धुळ्यात पाच दिवसांचं जे नवं जमलं होतं, ते आधी जळगावला आणायचं, मग काम परत फिरवायचं, हे त्याला झोपेतही येतं. पडद्यावर प्रश्न आला: कुठून कुठे? माझी माणसं दारात ‘अस्सल द्या’ ओरडत होती. त्याने ‘कुठून’मध्ये जळगाव निवडलं. कपाटं बिचारी इमानदार. जळगावची जुनी स्थिती धुळ्यावर जशीच्या तशी उतरली. पाच दिवस गेले. रोजची वेगळी प्रत निघायची तीही जळगावच्याच यंत्रावर, ते त्या पाच दिवसांत बंदच होतं.

योगराज वळून म्हणाला, “आबा, ते फाडलेले कागद कुठे टाकले?”

जगात तेवढेच उरले होते.

झाडणाऱ्या पुष्पाबाईंनी पोत्यात भरून ठेवले होते म्हणून बरं. पण मला तेव्हा अक्कल आली नाही. दुसऱ्या दिवशी मी निलंबनाची मागणी केली. ट्रस्टचे सचिव पारसभाऊ म्हणाले, “विभाग त्याचा, जबाबदारी त्याची.” खुलाशात योगराजने एकच ओळ लिहिली: चूक माझी. माझं नाव नाही, मोर्चा नाही, काही नाही.

निलंबित माणूस दहा दिवस रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून तुकडे चिकटवत होता. एकशे सोळा अहवाल जुळले. डॉक्टरांनी ते पाहून पुन्हा सह्या केल्या. सत्तावीस जुळले नाहीत.

मी व्हरांड्यात गेलो. खिशात पारसभाऊंना द्यायचं पत्र होतं: घाई मी करायला लावली, कागद मी फाडले. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं.

“द्या तुम्ही. पण बटण मीच दाबलं. ‘नाही’ म्हणायचाच तर पगार होता मला.”

“माझ्यासमोर कोणी नाही म्हणत नाही.”

“हो ना,” तो म्हणाला. “तेच तर.”

कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. तो यादी घेऊन सत्तावीस जणांना फोन लावायला बसला. तिसरा फोन बोदवडला, बेबाबाईला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“पुन्हा आनू त्याहीले? पाठीवर? कोनाची चुकी व्हती, योगराजभाऊ?”

योगराजने फोन माझ्यापुढे धरला.

आयुष्यभर माइक धरलेल्या हातात मी तो फोन घेतला. “माझी, बेबाबाई,” मी म्हणालो. “मी आबा बोलतो. घाई मी केली. तुमचा कागद मीच फाडला.”



“मंग आता तुमी या,” ती म्हणाली. “आन् तुमच्या पाठीवर न्या त्याहीले.”

योगराजने यादीत तिच्या नावापुढे तारीख लिहिली अन् चौथा नंबर फिरवून फोन पुन्हा माझ्याच हातात दिला.