तळ्याकाठी भरलेला ड्रम

"आई, तुला एकटीला ते घर उघडायला जमणार नाही," मुलगा म्हणाला, आणि मी त्याच क्षणी ठरवलं की आता उघडायचंच.

कांदिवलीच्या घरी मी, मुलगा आणि सून चहा पीत बसलो होतो. विषय तळ्याकाठच्या घराचा. घर कसलं, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी आणि अंगणात एक उथळ विहीर. समोरचं पाणी खरं तर धरणाचं, पण आम्ही पहिल्यापासून त्याला तळंच म्हणतो. मी आणि नवऱ्याने नोकरीत असताना हौसेने बांधलं होतं ते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून कुलूप. आता मुलाने गिऱ्हाईक शोधलं होतं आणि ते रविवारी घर बघायला येणार होतं.

"आराम करायला म्हणून जायचं आणि शनिवार सगळा झाडलोटीत घालवायचा. रविवारी परत बंद करायची घाई. यात रिलॅक्स कधी व्हायचं ते सांग ना," तो म्हणाला.

त्याचंही चूक नव्हतं. लहानपणापासून त्याने तेच बघितलं होतं. नवऱ्याची पद्धतच तशी, आढ्याची कोळिष्टकं निघाल्याशिवाय तो कुणाला पाठ टेकू देत नसे. मी त्यावरून जन्मभर भांडले. घर माझ्या नावावर आहे, नुसतं नाही म्हटलं असतं तरी विषय संपला असता. पण मला कुलूप राखत बसायचं नव्हतं. मला तिथे राहायचं होतं आणि या दोघांनी तिथे यायला हवं होतं, आपल्या मनाने.

"शनिवारी दुपारी तुम्ही दोघं जेवायला या," मी म्हटलं. "पानं मांडलेली असतील, पडवीत गाद्या घातलेल्या असतील. नसतील, तर रविवारी त्या माणसाला मी स्वतः चहा करून देईन आणि घर विकून टाकीन."

"मी येते ना सकाळी तुमच्याबरोबर," सून म्हणाली.

"नको गं. मग हा म्हणेल दोघींनी मिळून केलं."

मुलगा हसला. ते हसणं मी पिशवीत भरूनच घेतलं म्हणा ना.

शनिवारी बोरिवलीहून सकाळची एसटी, पुढे शेअर रिक्षा, आणि ऊन चढायच्या आत मी दारात. मे महिना, तळं पार आटलेलं. नेहमी अंगणाच्या दगडी गडग्याशी असणारं पाणी लांब गेलं होतं आणि मधे नुसता चिखल. कुलूप गंजलेलं. त्यात डोक्याचं खोबरेल ओतलं, दोन शिव्या घातल्या, तेव्हा उघडलं.

माझी पद्धत सरळ आहे. जिथे पाठ टेकणार, जिथे पाय पडणार आणि ज्यात जेवणार, तेवढंच आधी साफ करायचं. बाकीचं घर आपलं आपण बघून घेईल. पुढच्या खिडक्या आणि मागचं दार एकदम उघडून वारा आरपार सोडला. कपाटांवर काठी आपटली, म्हणजे आत कुणी असेल त्याने निघावं. एक पाल निघाली, सावकाश, भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखी. ट्रंकेतल्या चादरींना डांबराच्या गोळ्यांचा वास होता, पण कसर लागली नव्हती. गाद्या गडग्यावर उन्हात टाकल्या. पडवी झाडली. कोळिष्टकांकडे मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मेन स्विच चालू केला तर दिवे लागले. जमणार नाही म्हणे! मी मोठ्याने गात होते आणि माझा आवाज काय आहे ते आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.

मग पंप चालू केला. तो नुसता गुणगुणला. पाणी नाही.

दोन वर्षांत त्याच्या आतलं पाणी उतरलं होतं. आमचा पंप विहिरीच्या काठावर असतो. त्याच्या पोटात आधी वरून पाणी भरावं लागतं, मगच तो खालचं ओढतो. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी विहिरीत बादली सोडली. दोर उन्हापावसाने कुजला होता, तो तुटला आणि बादली तळाशी गेली. मग मी तावातावाने जवळची प्यायच्या पाण्याची बाटली पंपात ओतली. पंपाला त्याचं काय होतंय! परत गुणगुण.

आता ना भाताला पाणी, ना प्यायला. समोर अख्खं तळं चकाकत होतं आणि तिथवर जायचं तर गुडघाभर चिखल. आणि बादली विहिरीत; उघडं पातेलं घेऊन त्या चिखलातून परत येईपर्यंत त्यात काय उरणार! फोन करून मुलाला पाणी आण म्हणता आलं असतं. ते मी करणार नव्हते. तहानेने मेले असते पण केलं नसतं.

दुसरी बादली शोधायला मोरीत गेले. कोपऱ्यात आमचा निळा ड्रम. त्याच्यामागे काही आहे का बघावं म्हणून त्याला ढकललं, तर तो हलेना.

इथे मला नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो दहिसरच्या चाळीत वाढला. तिथे उजाडायच्या आत पाणी यायचं आणि सातच्या ठोक्याला जायचं. त्यामुळे रिकामं भांडं बघितलं की याचा जीव कासावीस व्हायचा. तळ्याकाठीसुद्धा हा हंडे, पातेली, बाटल्या, सगळं भरून ठेवायचा. "तळं काय सात वाजता जाणार आहे का रे?" मी विचारायचे. आम्ही अंधेरीला एकाच ऑफिसात होतो, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी नव्हतंच. मग तो मुद्दाम मालवणीत यायचा. "अगो, पाणी आसा तवसर भरून घेवक व्हया." परत निघताना दर वेळी मी सगळं ओतायला लावायचे आणि तो कुरकुरत ओतायचा.

शेवटच्या खेपेला त्याला बरं नव्हतं. मी सामान गाडीत टाकत होते, तिथूनच ओरडले, "ड्रम ओतून टाक रे, शेवाळ धरेल." आतून आवाज आला, "हो." त्यानंतर तो इथे आला नाही.

झाकणावर जाड प्लास्टिक होतं, ते नायलॉनच्या दोरीने गच्च बांधलेलं, वर दगड. मी गाठ सोडली. त्याची गाठ सुटता सुटत नाही, दात लावावे लागले. ड्रम काठोकाठ भरलेला होता.

मला आधी राग आला. खरंच रागच आला. "खोटारड्या," मी म्हटलं, "हो म्हणाला होतास ना?" मग मोरीच्या कट्ट्यावर बसून मी रडले, भरपूर, आजूबाजूला कुणी नसल्याचा पुरेपूर फायदा घेऊन. आणि मग उठले. जेवायची वेळ झाली की ती दोघं येऊन टपकणार होती आणि माझी शर्त अजून जिंकायची होती.

पातेल्याने ते पाणी पंपात ओतत राहिले. पंप खोकला, थुंकला, आणि एकदम नळाला गढूळ धार आली. थोड्या वेळाने स्वच्छ.

मुलगा आणि सून आली तेव्हा भात, कुळथाची पिठी आणि सुकटाची चटणी तयार होती. पानं मांडलेली, पडवीत उन्हाने फुगलेल्या गाद्या. मुलगा काहीतरी शोधत घरभर फिरला. "वर जाळी आहेत," एवढंच त्याला सापडलं.

"मग वर बघू नकोस. समोर तळं आहे, ते बघ."

जेवताना त्याने विचारलं, पंप कसा सुरू केलास. मी सांगितलं. जेवण झाल्यावर तो मोरीत गेला आणि बराच वेळ आला नाही. सून उठायला लागली, मी तिला नको म्हणून खुणावलं.

मग तो पडवीत आडवा झाला आणि ऊन उतरेपर्यंत घोरत पडला. चहाच्या वेळी त्याने फोन लावला. "नाही, उद्या नका येऊ. आई विकत नाहीये," तो म्हणाला. मी त्याला आणखी एक खारी दिली. शर्त जिंकल्याचं बोलून दाखवायचा मोह खूप झाला आणि मी तो आवरला नाही. "जमलं की नाही रे?" असं संध्याकाळपर्यंत मी त्याला इतक्यांदा विचारलं की शेवटी सूनच वैतागली.

रविवारी दिवसभर आम्ही काहीच केलं नाही. निघायच्या वेळी मी खिडक्या लावत होते, तेव्हा पंप चालू झाल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मुलगा मोरीत, पाइप ड्रममध्ये सोडून उभा.

"ओतून टाक रे ते, शेवाळ धरेल," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

"हो," तो म्हणाला. आणि झाकणावर प्लास्टिक ओढून दोरी बांधायला लागला.