घरात एकच माणूस

डिचोलीजवळच्या खाणीत शंभू आणि मी सव्वीस वर्षे क्रशरवर होतो. पट्ट्याखाली सांडलेले खनिज फावड्याने परत वर टाकायचे. शंभूचे फावडे कधी अर्धे गेले नाही. धूळ दोघांच्याही छातीत गेली. त्याच्या जास्त, तो तोंडाला फडके बांधत नसे. फडक्याने हात मंदावतो म्हणायचा.

मी बेळगावकडचा. तो इथलाच, पोर्तुगीज राज्यात जन्मलेला. मुलगा साईश इंग्लंडला जावा म्हणून त्याने आपला जन्म लिस्बनात नोंदवला. बापाची तशी नोंद झाली की मुलाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळे, आणि त्यावर इंग्लंड. एजंटाने कागद केले, त्याने सह्या केल्या. साईश गेला. मग गावात बोलणे सुरू झाले: ज्याची नोंद झाली तो इथला नागरिक राहिला नाही. कोणी म्हणे, तसे काही नाही. शंभूने नीट कुठे विचारले नाही. विचारले तर कळेल, ही भीती.

पाऊस संपल्यावर सरकारी सर्वे आला. खाणीत काम केलेल्यांची घरे, छातीचे आजार. शेजारच्या गावची सुमंगला फॉर्म भरायची. पहिल्याच पानावर नागरिकत्व. माझ्या घरी तिने ते विचारले तेव्हा शंभू पडवीत बसला होता. तो उठला आणि मागच्या काजूच्या बागेत गेला. सुमंगला त्याच्या घरी पोचली तेव्हा त्याची बायको देवकी दारातूनच म्हणाली, "घरात मी एकटीच गे. घोव झिलाकडे गेला, लंडनाक." सुमंगलाने एकच माणूस लिहिला, नवरा मुलाकडे परदेशात.

दिवाळीनंतर यादीतल्यांना औषध आणि ऑक्सिजनचे यंत्र मिळाले. मलाही.

"तू भायलो, तुझे नाव लिस्तीत," शंभू म्हणाला. "मी हांगाचो, आणि लपतो मी!" हसला, मग बराच वेळ खोकला.

मी त्याला पंचायतीत नेले. साडेतीनशे पावले. चार वेळा बसला. सुमंगलाने नवा फॉर्म काढून पहिला प्रश्न वाचला.

"काका, उत्तर काहीही असू दे, औषध मिळतेच. आम्हाला तसेच सांगितले आहे."

तो तिच्या पेनाकडे बघत राहिला. "आज नको, मागीर येतां," म्हणाला आणि उठला. परतताना सात वेळा बसला. मी माझे यंत्र त्याच्या खाटेशी नेऊन ठेवले. उशीर झाला होता. अकराव्या दिवशी तो गेला.

मृत्यूची नोंद करायला देवकी अजून गेलेली नाही. तिथेही विचारतील, म्हणते.